वस्तीची गाडी

ज्यांचे बालपण खेड्यात गेले आहे, त्यांना वस्तीची गाडी म्हणजे काय हे सांगायला नको. शहरात वाढलेल्या नातवंडांसाठी सांगतो. दिवसातली शेवटची एस.टी. अंधार पडल्यावर गावात येते आणि परत जात नाही. ड्रायव्हर आणि कंडक्टर रात्री गावातच राहतात आणि सकाळी तीच गाडी गावकऱ्यांना घेऊन शहराकडे निघते. ही वस्तीची गाडी. ज्या गावात ती राहते, त्या गावाला रात्री-अपरात्री एक आधार असतो.

मी अशा गाडीचा कंडक्टर होतो. माझा जन्म १९५६ च्या श्रावणातला. म्हणजे जन्मलो मुंबई राज्यात, रांगायला लागण्याआधी १ नोव्हेंबरला म्हैसूर राज्यात गेलो आणि शाळा संपते न संपते तोच १९७३ च्या १ नोव्हेंबरला कर्नाटकात. घर मात्र वडगावच्या त्याच गल्लीत. १९७९ मध्ये कंडक्टर म्हणून चिकटलो आणि २०१६ मध्ये निवृत्त झालो. शेवटच्या दोन वर्षांत तर गाडीवरच्या पाटीवर बेळगावचे बेळगावी झालेलेही पाहिले. सदतीस वर्षांत कितीतरी मार्ग केले. हुबळी केले, पणजी केली, कोल्हापूर केले. पण झोपेत अजून जो रस्ता दिसतो तो जांबोटीकडचा. १९८४ ते १९९३ अशी नऊ वर्षे मी त्या बाजूच्या एका गावाला वस्तीची गाडी घेऊन जात होतो. गावाचे नाव लिहीत नाही. लिहिले तर आठवड्याभरात दहा घरांतून फोन येतील, आणि पुढे जे सांगायचे आहे ते एका घराचे आहे.

गेल्या भाद्रपदात त्या गावातून निरोप आला. ज्या घराच्या सोप्यावर आम्ही झोपत असू, त्या घरची आजी आता नव्वदीला टेकली आहे. तिच्या नातवाने फोन केला. म्हणाला, "मामा, आजी तुमची आठवण काढतीया. गौरीला या." सूनबाई गोकाककडची. ती म्हणाली, "होगि बर्री मामा, सारखं त्या गावाचं सांगत असता." मी पिशवी भरली आणि संध्याकाळी मध्यवर्ती बसस्थानकावर जाऊन उभा राहिलो.

गाडी फलाटाला लागली आणि बायकांची झुंबड उडाली. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना राज्यात साध्या गाड्यांतून फुकट प्रवास आहे, त्यामुळे आता गाडीत निम्म्याहून अधिक पदर. कंडक्टरही एक मुलगीच होती, तिशीच्या आतली. गळ्यात तिकिटाचे यंत्र. एकीला कन्नडमध्ये, दुसरीला मराठीत विचारत ती भराभर कागद काढत होती. "अक्का, आधार तोरसरी." "मावशी, कार्ड दाखवा." कार्ड पाहायचे आणि शून्य रकमेचे तिकीट हातात द्यायचे. आमच्या वेळी तिकिटांच्या गड्ड्या असत. रुपयाची निराळी, पन्नास पैशांची निराळी. प्रत्येक टप्प्याला वे-बिलावर आकडे लिहायचे, तेही हलणाऱ्या गाडीत, खांबाला पाठ टेकून. माझे अक्षर त्यानेच बिघडले असे बायको अजून म्हणते.

माझ्या शेजारी चंदगडकडे दिलेली एक बाई होती. माहेरी निघालेली. ती म्हणाली, "आमच्याकडं अर्धं तिकीट, तुमच्याकडं फुकट." खरे आहे. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले. सीमेचा वाद ज्यांना सोडवायचा ते सोडवतील, पण आमच्या बायकांनी दोन्हीकडचा हिशेब पाठ केला आहे. कुठपर्यंत कोणत्या गाडीने जायचे हे त्यांना बरोबर कळते.

तिसरे रेल्वे गेट गेले, उद्यमबाग गेले. पिरनवाडीला गाडी जांबोटी रस्त्याला वळली आणि वारा बदलला. किणयेच्या पुढे दोन्ही बाजूंना भात निसवू लागलेले. कुसमळीला मलप्रभेचा पूल आला तेव्हा मी नकळत उठून उभा राहिलो. पावसाळ्यात या पुलाजवळ गाडी थांबवून पाणी किती आहे ते बघायचे, मग शिट्टी मारायची, ही सवय हाडात बसली आहे. कंडक्टर मुलगी म्हणाली, "काका, इथं उतरायचंय?" मी म्हटले, "नाही गं, बसतो." मग तिला सांगितले की मीही याच खात्यातला. तिने हसून विचारले, "किती वर्षांपूर्वी?" मी आकडा सांगितला. ती म्हणाली, "मी तेव्हा जन्मले नव्हते."

ही मलप्रभा इथे लहान दिसते. ती उगम पावते कणकुंबीला, माउलीच्या देवळाजवळ, आणि पूर्वेकडे जाऊन कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. त्याच कणकुंबीच्या परिसरातला कळसा नाला मात्र पश्चिमेला उतरून म्हादईला मिळतो आणि गोव्यात जातो. एकाच डोंगरावर पडलेला पाऊस, पण इकडच्या उताराला लागला तर बंगालच्या उपसागराला, तिकडच्या उताराला लागला तर अरबी समुद्राला. या पाण्यावरून दोन नव्हे तीन राज्यांचे भांडण लागले. २०१० मध्ये लवाद नेमला गेला. १४ ऑगस्ट २०१८ ला त्याने निकाल दिला. गोव्याला २४ टीएमसी, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३. तरी भांडण मिटले नाही. आमचे ड्रायव्हर अण्णा त्या काळी, म्हणजे लवाद वगैरे काही नसताना, कणकुंबीला गाडी उभी करून म्हणायचे, "आपलंही तसंच आहे बघ. मी तिकडचा, तू इकडचा, आणि गाडी एकच."

अण्णा बैलहोंगलकडचे. घरी फक्त कन्नड. कपाळावर विभूती, मांस-मासळीला शिवायचे नाहीत. माझी कन्नड तेव्हा कचेरीपुरती होती. वे-बिल भरता येत असे, पण भांडता येत नसे. अण्णांनी मला भांडायला शिकवले. "मुंदक सरीरि, चिल्लर कोडरी" हे तर कुणीही शिकेल, पण समोरच्याला न दुखावता कन्नडमध्ये नाही कसे म्हणायचे, ते अण्णांकडून शिकावे. उलट गावाच्या देवळात रात्री भजन असे, तिथे बसून बसून अण्णांना मराठी येऊ लागली. पहिल्या वर्षी ते नुसते टाळ धरायचे. तिसऱ्या वर्षी अभंग म्हणू लागले. एकदा त्यांनी भजन संपल्यावर बसवण्णांचे वचन म्हणून त्याचा अर्थ मोडक्या मराठीत सांगितला. बुवा म्हणाले, "हे आमचंच की!" त्यानंतर दर सोमवारी भजनानंतर एक वचन ठरलेले.

आमची गाडी आठला गावात शिरायची. अण्णा ती देवळाच्या वरच्या अंगाला, उतारावर लावायचे. बॅटरीचा भरवसा नसे. उतारावर असली की सकाळी पोरांना ढकलायला लावायची गरज पडत नाही. चाकाखाली दगड लावायचे काम पोरांचे. कुणाचा दगड लागणार यावरून त्यांची मारामारी व्हायची. मग आजीच्या सोप्यावर जेवण. अण्णांसाठी वेगळी भाजी असे आणि तिचे पैसे देऊ केले तर आजी रागवायची. बदल्यात आम्ही गावाची कामे करायचो. बेळगावात खोली करून राहणाऱ्या पोरांचे डबे सकाळी गाडीत यायचे. प्रत्येक डब्याला निराळ्या रंगाची चिंधी, कारण नावे वाचायला वेळ नसे. डॉक्टरच्या चिठ्ठ्या आणि पैसे माझ्या खिशात असत. औषध घेऊन संध्याकाळी परत आणायचे. लग्नपत्रिका, शिवायला दिलेली पोलकी, मोटारीचा पट्टा, पेपरांचा गठ्ठा. आणि टपावर खव्याचे डबे. बेळगावचा कुंदा सगळ्या जगाला माहीत आहे. पण त्याला लागणारा खवा जांबोटीच्या भागात, जंगलात चरून आलेल्या म्हशींच्या दुधाचा, लाकडाच्या जाळावर आटवलेला, आमच्या टपावर बसून बेळगावात जात असे, हे किती जणांना माहीत आहे?

गावात कन्नड वाचता येणारी माणसे तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पाटी कन्नडमध्ये. म्हातारी माणसे गाडी ओळखायची ती आवाजावरून, नाहीतर अण्णांच्या हॉर्नवरून. १९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीच्या प्रश्नावर सीमाभाग पेटला, तेव्हा आम्ही वस्तीलाच होतो. बंद कुणाचाही असो, पहिला दगड बसतो तो एस.टी.च्या काचेवर. सकाळी निरोप आला की गाडी हलवू नका. गाडीवर कन्नड अक्षरे, ड्रायव्हर कन्नड आणि गाव सगळे मराठी. मला रात्रभर झोप आली नव्हती. सकाळी पाहतो तर गावातल्या पोरांनी गाडीच्या वाटेवर बैलगाड्या आडव्या लावलेल्या. बाहेरचे कुणी आले तर गाडीपर्यंत पोचू नये म्हणून. दोन दिवस आम्ही तिथेच. अण्णांना आजीने घराबाहेर पडू दिले नाही. ज्या आंदोलनाला त्या घरातला थोरला मुलगा गेला होता, त्याच आंदोलनापासून त्याच्या आईने आमच्या ड्रायव्हरला सांभाळले. यात तिला काही विसंगत वाटले नाही, आणि विचार केला तर मलाही वाटत नाही.

हे सगळे मी नातवाला पुष्कळदा सांगितले आहे. जे सांगितले नाही ते आता लिहितो.

१९९१ चा जून. पाऊस लागून आठवडा झाला होता. त्याच्या आदल्या आठवड्यात तपासणीची जीप फाट्यावर उभी होती आणि माझ्या गाडीत तिघे बिनतिकिटाचे सापडले. चूक माझीच. गर्दीत राहून गेले. मला मेमो मिळाला. पुन्हा असे झाले तर वेतनवाढ थांबेल असे तोंडी सांगण्यात आले. घरी दोन मुले, आईचे आजारपण. डोके ठिकाणावर नव्हते.

त्या गावातून पाच-सहा मुले जांबोटीच्या हायस्कूलला जात. त्यांत मुली दोन. शाळा दहाला, पण दुसरी गाडी नाही म्हणून ती मुले आमच्याबरोबर सातलाच निघायची आणि जांबोटीत देवळाच्या पायरीवर दोन-अडीच तास अभ्यास करत बसायची. जूनमध्ये पास नवे करावे लागतात. अर्ज, मुख्याध्यापकांची सही आणि फोटो. फोटो काढायला बेळगावला जावे लागे. बाकीच्यांचे झाले होते, एका मुलीचे राहिले होते. नववीत गेलेली, चौदाएक वर्षांची, पाठीला रेशनच्या पोत्याची खोळ करून घेतलेली. चार-पाच दिवस मी काही बोललो नाही. त्या दिवशी गाडी सुटल्यावर मी माणसे मोजली आणि वे-बिलाशी एक जास्त आले. पुढे फाट्यावर जीप दिसत होती.

मी तिला म्हटले, "पास?" ती गप्प. "मग तिकीट काढ." तिच्याकडे पैसे नव्हते. भाडे दीड रुपयाच्या आतबाहेर असेल. माझ्या खिशातून मी कित्येकांचे तिकीट काढले होते. कोंबडीलाही अर्धे तिकीट फाडायचा आमच्याकडे नियम आहे, आणि टोपलीत पदराखाली झाकलेल्या कोंबड्या मी किती वेळा पाहून न पाहिल्यासारख्या केल्या असतील. त्या दिवशी ही पोर मात्र मला दिसली. मी शिट्टी मारली. फाट्याच्या अलीकडे, जीपच्या आधी, तिला उतरवले. "घरी जा, पास करून ये," म्हटले. आणि "रैट!" म्हणून ओरडलो. अण्णांनी आरशातून माझ्याकडे पाहिले. काही बोलले नाहीत. गाडी जीपजवळ आली तेव्हा दिसले, ती तपासणीची जीप नव्हती. जंगल खात्याची होती.

फाट्यापासून गाव चार किलोमीटर. दोन्ही बाजूंना जंगल. पावसात गवे रस्त्यावर येतात.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पुढच्या आठवड्यात मी तिच्या वर्गातल्या मुलाला विचारले, तो म्हणाला, "तिनं शाळा सोडली." मी तिच्या घरी गेलो नाही. घर देवळापासून पन्नास पावलांवर होते आणि मी रोज रात्री त्या गावात झोपत होतो, तरी गेलो नाही. दोन वर्षांनी माझा मार्ग बदलला. नंतर कळले की तिचे लग्न खानापूरकडे झाले. निवृत्तीच्या दिवशी सत्कार झाला, एक जण भाषणात म्हणाला की यांच्या हातून कधी कुणाला त्रास झाला नाही. मी खाली मान घालून बसलो होतो. लोकांना वाटले विनयाने.

असो. गेल्या भाद्रपदातली गाडी फाट्यावरून आत वळली तेव्हा अंधार पडला होता. रस्ता आता डांबरी आहे. घरांवर अजून कौले आहेत, पण मधूनमधून सिमेंटची छपरे आणि जवळजवळ प्रत्येक दारात मोटारसायकल. गावात मी उतरलो आणि गाडी वळून परत गेली. आता ती वस्तीला राहत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत सगळ्याच गाड्या बंद पडल्या, आणि नंतर इथली संध्याकाळची फेरी सुरू झाली ती परत जाणारी. गावकऱ्यांना विचारले तर तेही म्हणतात, रात्री गाडी राहून बसायचे कुणी? उद्यमबागेत कामाला जाणारी पोरे दुचाकीने सहाला निघतात. आजारी माणसाला १०८ नंबर लावतात. डबे कुणी पाठवत नाही, पोरे खाणावळीत जेवतात. गावाने गाडी सोडली की गाडीने गाव सोडले, हे मला ठरवता आले नाही. दोन्ही थोडे थोडे असणार. पण दुचाकी ज्यांच्याकडे नाही ते कोण, हे पाहायला फार शोधावे लागले नाही. म्हातारी माणसे, बायका आणि शाळेची पोरे. त्यांना सकाळी सव्वाआठपर्यंत वाट बघावी लागते.

आजी सोप्यावरच बसली होती. डोळ्यांनी दिसत नाही. मी "नमस्कार आजी" म्हटल्याबरोबर म्हणाली, "सुट्टे हायत काय?" सगळे घर हसले. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि पहिला प्रश्न विचारला तो अण्णांचा. अण्णा २०१२ मध्ये गेले, हे तिला मीच तेव्हा कळवले होते. ती विसरली असावी. मी पुन्हा सांगितले. थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, "त्याची भाजी अजून वेगळीच करावी वाटते."

आजीचा पणतू सहावीत आहे. गावात शिकतो ते मराठीत, पण कन्नड वाचतो फाडफाड. आजीची पेन्शनची कागदे, रेशन कार्ड, विजेचे बिल, सगळे तोच तिला वाचून मराठीत सांगतो. त्याने मला माझ्या बसच्या तिकिटावरची कन्नड अक्षरेही वाचून दाखवली. मी गंभीर चेहरा करून ऐकली.

दुसऱ्या दिवशी गौरीजेवण. माहेरवाशिणी आलेल्या. दुपारी सोप्यावर पंगत उठली आणि चहा आला, तेव्हा एक बाई कप घेऊन माझ्यासमोर आली. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसची, कानाजवळ केस पिकलेले. म्हणाली, "कंडक्टर मामा, वळखलाव काय?"

मी ओळखले. तेहतीस-चौतीस वर्षांत दिवसातून एकदा तरी ज्याचा विचार करतो, तो चेहरा न ओळखून कसे चालेल? माझ्या हातातला कप बशीवर वाजू लागला. मी म्हणालो, "त्या दिवशी फाट्यावर तुला उतरवलं. चुकलं माझं. तुझी शाळा माझ्यामुळं सुटली."

ती हसली. खरोखर हसली. म्हणाली, "पासाचं काय नव्हतं वो मामा. त्या वर्षी बाबानं दुसरी म्हैस घेतली. खव्याला दूध कमी पडूलालतं. आई एकटी, भाऊ लहान. कुणीतरी घरात पाहिजेच होतं. पास असता तर दिवाळीपर्यंत गेले असते. त्याच्या फुडं नाही."

म्हणजे ज्या खव्याचे डबे मी टपावर चढवत होतो, कौतुकाने सांगत होतो, त्याच खव्याच्या चुलीपाशी ती बसली होती. मला हे कधी सुचलेच नव्हते. डबे मोजले, त्यांचे भाडे घेतले. ते कुणी आटवले हे विचारले नाही. एका मुलीची शाळा माझ्यामुळे सुटली असे मी इतकी वर्षे धरून बसलो होतो, आणि त्यातही थोडा अहंकारच होता म्हणायचा. गावातल्या मुलींच्या शाळा सुटायला कंडक्टरची गरज नव्हती. म्हैस होती, धाकटे भाऊ होते, पाणी लांब होते.

मला हलके वाटायला लागले होते, इतक्यात ती कप उचलता उचलता म्हणाली, "पन त्या दिवशी घरापर्यंत रडत आले, ते खरं. गव्याची भीती वाटूलालती. तुम्ही वळून बघितलाव नाही."

यावर बोलण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. नव्हतेच. मी वळून पाहिले नव्हते. तीही थांबली नाही. "चहा निवतोय, घ्या," म्हणाली आणि आत गेली.

संध्याकाळी ती पुन्हा येऊन बसली आणि आपल्या संसाराचे सांगू लागली. नवरा शेती करतो. मुलगी खानापूरला कॉलेजात, रोज गाडीने जाते-येते. "तिला पासाचा त्रास नाही. कार्ड दाखवलं की झालं." स्वतःबद्दल म्हणाली, "पूर्वी माहेरला वर्षातनं दोनदा यायचे, गौरीला आणि भाऊबीजेला. तिकिटाला पैसे मागायचे म्हणजे सासूबाईंचं तोंड बघायचं. आता आईला बरं नाही कळलं की निघते. कुणाला विचारत नाही." फुकट प्रवासावर बेळगावात मी बरीच भाषणे ऐकली आहेत. तिजोरीवर भार पडतो, गाड्यांना गर्दी होते, पुरुषांना उभे राहावे लागते. त्यात खोटे काही नाही, मी स्वतः उभा राहून आलो आहे. पण हिशेब मांडताना तिचे हे वाक्यही वे-बिलावर कुठेतरी लिहायला पाहिजे असे मला वाटते. आणि त्याच्याच खाली हेही लिहायला पाहिजे की तिकीट शून्य झाले तरी गाडी यावी लागते. सव्वाआठला आलेल्या गाडीने दहाची शाळा गाठता येते, सकाळी आठचे काम गाठता येत नाही. आमच्या वेळी गाडी होती आणि पैसे नव्हते. आता पैसे लागत नाहीत तर गाडी उशिरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच मी देवळाजवळ जाऊन उभा राहिलो. उतारावरचे ते दगड अजून तिथे आहेत. आम्ही चाकाखाली लावायचो तेच असतील असे नाही, पण मी त्यातल्या एकावर बसलो. शाळेची पोरे जमली. त्यांत मुली सात होत्या. मी दोनदा मोजल्या. मोजायची सवय जात नाही.

गाडी आली. मी चढणार तेवढ्यात ती मागून लगबगीने आली. हातात स्टीलचा डबा, त्याला तांबडी चिंधी बांधलेली. म्हणाली, "मामा, थोरला उद्यमबागेत कामाला आहे. सुट्टी दोनच दिवस होती, गौरीला थांबला नाही. पोळ्या आणि करंज्या आहेत. तुम्ही जाऊलालाव तर पोचवा की."

मी डबा घेतला. मांडीवर ठेवून बसलो. फाटा आला तेव्हा खिडकीतून वाकून मागे पाहिले. रस्त्यावर कुणी नव्हते, नुसता पाऊस पडत होता.

उद्यमबागेच्या थांब्यावर एक पोरगा उभा होता. त्याला आईने फोन केला असणार. मी डबा पुढे केला. त्याने चिंधी पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "किती द्यायचे?"

मी म्हटले, "काही नाही. पूर्वीपासून फुकटच नेतो."